लिंबोणीचा पाव फेरा

माझ्या मामाला अख्खं शहर विंचूमामा म्हणतं. स्वभावाने म्हणाल तर मुंगी चावली तर तिचीच माफी मागेल असा माणूस. नाव पडलं ते धंद्यामुळे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, आणि मामाच्या पाठीवर चाळीस वर्षं दुसऱ्यांची बिऱ्हाडं होती. घर बदलणाऱ्यांचं सामान तो हलवून द्यायचा. एक टेम्पो, दोन माणसं, जाड दोर, एक पहार आणि काचेच्या वस्तूंना गुंडाळायला जुनी ब्लँकेटं, एवढा त्याचा पसारा.

जड कपाट उचलायचं नसतं, चालवायचं असतं, हे त्याचं म्हणणं. एका कोपऱ्यावर तोलायचं, दुसरा कोपरा पुढे टाकायचा, मग त्यावर तोलायचं. लहानपणी मी ते पाहिलंय. चार दारांचं लोखंडी कपाट जिन्याच्या तोंडाशी असं डुलत यायचं, की ते आपल्या मनानेच निघालंय आणि मामा नुसती वाट दाखवतोय असं वाटायचं.

सगळं सामान टेम्पोत चढलं की मामा रिकाम्या घरात एकटा परत जायचा. प्रत्येक खोलीच्या मधोमध उभा राहून विचारायचा, "काही राहिलं का?" तेही एकदा नाही, तीनदा. दारात घरातलं कुणीतरी थांबलेलं असायचं. ते म्हणायचं, "काही नाही." तिसऱ्यांदा "काही नाही" आलं की मगच मामा दार ओढून घ्यायचा. माणसं मेटाकुटीला आलेली असायची, खाली भोंगा वाजत असायचा, पण मामाचं तीनदा चुकायचं नाही. मला तो शुद्ध वेळकाढूपणा वाटायचा. मी इमारतींचे नकाशे काढते. एक रेघ दोनदा काढावी लागली तरी माझं डोकं फिरतं.

स्वतःचं घरही त्याने नऊ वेळा बदललं. दहाच्या दहा घरं भाड्याची. कुठे घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, कुठे इमारत पाडायला काढली, कुठे नुसतंच "आम्हाला जागा हवीय". प्रत्येक नव्या घरात एकच देखावा असायचा. मामा खांद्यावर वस्तू घेऊन दारात उभा आणि आत मामीला विचारतोय, "कुठे ठेवू?" मामी खोलीभर नजर फिरवायची आणि बोट दाखवायची. उचलायचं त्याने, ठेवायचं तिने, अशी त्यांच्या संसाराची वाटणी होती. सगळं लागलं की सर्वांत शेवटी मामी खिडकीत रंगाचा एक जुना डबा ठेवायची. त्यात लिंबोणी होती. तिसऱ्या घरात असताना चिरलेल्या लिंबातली एक बी तिने सहज मातीत खुपसली होती, ती रुजली. चौथ्या घरात लिंबोणी वीतभर होती, सातव्यात कमरेएवढी. दहावं घर मिळालं ते वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचं, गॅलरी नाही, खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. लिंबोणीला तिथे जागाच नव्हती. मामी डबा मांडीवर घेऊन जिन्यात बसून राहिली होती, ते मला अजून आठवतं.

मामाने टेम्पो विकला त्याच सुमारास पालिकेने बरीच वर्षं रखडलेलं एक काम पुन्हा सुरू केलं. शहरात इमारती पाडल्या जातात, कारखाने बंद होतात, आणि पुढचं बांधकाम सुरू होईपर्यंत त्या जागा वर्षानुवर्षं तशाच पडून असतात. बाहेर पत्र्याचं कुंपण, आत कचरा आणि एखादी तीन पायांची खुर्ची. अशा जागा तोवर आसपासच्या लोकांना वापरायला द्यायच्या, असं ते काम होतं. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं. लोक नुसतं "तोवरची जागा" म्हणायचे. कुणी तिथे सायकली दुरुस्त करायला शिकवायचं, कुणी पत्रे ठोकून वाचनालय थाटायचं. आमच्या गल्लीतल्या बारा घरांनी मामाला प्रमुख करून बाग मागितली. ती मिळाली, पण एका अटीवर. जमिनीत काहीही रुजवायचं नाही.

पालिकेत हे काम एक बाई बघायच्या. त्यांना सगळे मोकळ्या जागेच्या बाई म्हणत. त्यांच्या टेबलाच्या खणात शहरभरच्या फाटकांच्या किल्ल्या होत्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. त्या म्हणायच्या, "जागा परत मिळते म्हणून तर देता येते. एकानं असंच झाड लावलं आणि मग कापू देईना. सात वर्षं ती जागा ना त्याची ना मालकाची. आणि त्या सात वर्षांत दुसऱ्या एकाही मालकानं मला दारात उभं केलं नाही." तेव्हापासून नियम कडक झाला. जागा परत देताना पालिकेचा माणूस बारीक सळई घेऊन यायचा आणि प्रत्येक कुंडीखालून सरकवून बघायचा. कुठे मूळ अडकलं की संपलं, पुढची जागा नाही.

म्हणून आमची सगळी बाग प्लास्टिकच्या अर्ध्या कापलेल्या पिंपांत होती. पण पाणी निघायला पिंपाला भोक हवं, आणि भोक असलं की मूळ खाली उतरणारच. त्यावरचा उपाय मामाने काढला. दर रविवारी प्रत्येक पिंप कपाटासारखं कडेवर तोलायचं आणि पाव फेरा फिरवायचं. मुळाचं टोक बाहेर आलं असेल तर तिथल्या तिथे तुटतं, झाडाला कळतसुद्धा नाही. कुठलं फिरलं आणि कुठलं नाही हे समजायला प्रत्येक पिंपाच्या कडेवर खडूने एक बाण. एका रविवारी सगळे बाण रस्त्याकडे, पुढच्या रविवारी कुंपणाकडे, मग पाण्याच्या टाकीकडे, मग भिंतीकडे. चार रविवारांत अख्खी बाग स्वतःभोवती एक चक्कर मारून यायची. मामा मध्ये उभा राहून बाणांवरून नजर फिरवायचा आणि समाधानाने म्हणायचा, "सगळे एका दिशेला." मामीची लिंबोणीही त्यातच होती, एका अख्ख्या मोठ्या पिंपात. अकरा वर्षांत बागेने पाच जागा पाहिल्या आणि एकाही सळईला कधी काही सापडलं नाही. मोकळ्या जागेच्या बाई नव्या लोकांना सांगायच्या, "विंचूमामांकडे जा आणि बाण शिकून या."

पाचवी जागा मला सगळ्यांत आवडायची. तिथली तीन मजली जुनी इमारत पाडलेली होती, पण शेजारची उभी होती, आणि तिच्या उघड्या पडलेल्या भिंतीवर गेलेल्या घरांच्या खोल्या तशाच राहिल्या होत्या. वरपासून खालपर्यंत रंगांचे चौकोन. तिसऱ्या मजल्यावर निळा, त्याच्या बाजूला फिका गुलाबी, खाली स्वयंपाकघराचा पिवळा, त्यावर धुराचा एक काळसर पट्टा. जिन्याची तिरकी खूण वर चढत जायची आणि हवेतच संपायची. निळ्या खोलीत एक खिळा होता आणि त्याला टांगलेला आरसा. तिथे कुणाचा हात पोचला नसणार. सकाळी नऊच्या सुमाराला ऊन त्या आरशावर यायचं आणि कवडसा खाली आमच्या पिंपांवर हळूहळू फिरायचा, वांग्यांवरून मिरच्यांवर, मिरच्यांवरून माझ्या चहाच्या कपावर.

मामाला त्या खोल्या ओळखीच्या होत्या. "त्या निळ्या खोलीतून मी एक शिवणयंत्र उतरवलंय," तो म्हणायचा. "त्या बाई उतरताना प्रत्येक पायरीवर कठड्याला हात लावत होत्या. मी म्हटलं, बाई, पडाल. त्या म्हणाल्या, पडत नाहीये हो, निरोप घेतेय."

खाली जमिनीवर तळमजल्याच्या लाद्या अजून शाबूत होत्या. मामाने पिंपं त्या खोल्यांप्रमाणेच मांडली. लादीवर पिंप म्हणजे मुळाला खाली जायची सोयच नाही, तरी रविवारचा पाव फेरा त्याने सोडला नाही. टोमॅटो स्वयंपाकघरात, पुदिना मोरीत, दोडक्याचे वेल जिन्याखाली. "बेडरूममधली वांगी कुणी तोडली?" असे वाद आमच्यात होत आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मी उशिरा उठणारी बाई, रविवारी अर्धवट झोपेतच तिथे जायची, आणि कधी कधी त्या नसलेल्या दारांतून न चुकता वळून आत जायची, भिंतीतून नाही. मामाही तसाच चालायचा. आम्ही कुणी ते एकमेकांना बोलून दाखवलं नाही.

तिथे गेल्यावर पहिल्याच महिन्यात मामीने मला फाटकाशी ओढत नेलं. होणाऱ्या इमारतीचा नकाशा पालिकेने तिथे चिकटवला होता.

"हे कळतं का तुला?"

"मामी, मी हेच करते दिवसभर."

"मग सांग. इमारत झाली की हे सगळं जाणार?"

"सगळं नाही. त्या रंगीत भिंतीलगत दहा फूट सोडावेच लागतात. उजेडवाऱ्यासाठी."

"म्हणजे इमारत उभी राहिली तरी तेवढं मोकळंच?"

"मोकळंच."

"कायमचं?"

"नकाशा पाळला तर कायमचं," मी जांभई देत म्हणाले, आणि त्या पट्ट्यावर बोट ठेवलं. मी बोट काढल्यावर मामीने नेमकं त्याच ठिकाणी स्वतःचं बोट ठेवलं. तिला वेळ जात नसेल, असं मला वाटलं. ताकास तूर लागू न देणं तिच्याकडून शिकावं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मामाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, यापुढे जड उचलायचं नाही. "मी उचलत नाही, चालवतो," मामा म्हणाला. डॉक्टरांनी हात टेकले आणि मामीला आत बोलावलं. तेव्हापासून पिंपं शिंपीदादा आणि आम्ही बाकीचे फिरवू लागलो आणि मामा खुर्चीत बसून बाण मोजू लागला. शिंपीदादा म्हणजे बारा घरांतलाच एक, गल्लीतल्या दुकानातला, बोलायला तिखट पण कामाला वाघ. लिंबोणीचं पिंप मागे, रंगीत भिंतीलगत होतं. मामीने पहिल्याच दिवशी बजावलं, "ते माझं मी पहारीनं बघेन. माझ्या लिंबोणीला कुणी हात लावायचा नाही." मामीपुढे बोलायची कुणाची छाती? दर रविवारी तिचा बाण बरोबर दिशेला असायचा. मामा लांबून बघायचा आणि मान डोलवायचा. अडीच वर्षं ती मान डोलली. लिंबोणी त्या काळात डोक्याच्या वर गेली, पानं गडद हिरवी झाली आणि पहिल्यांदाच तिला लिंबं लागली. आम्ही मामीच्या हाताचं कौतुक केलं.

मग पत्र आलं. इमारतीला मंजुरी मिळाली होती. पंधरा दिवसांत जागा रिकामी करायची, बुधवारी तपासणी, आणि सगळं ठीक निघालं तर पुढची जागा बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची. तिथे पाण्याचा नळ होता, सावली होती, आणि तीन वर्षं तरी कुणी हात लावणार नव्हतं. शिंपीदादाने तर कुठलं पिंप कुठे ठेवायचं याचा कागदही करून आणला.

हलवायच्या आधी जड वस्तू एकदा नुसती हलवून बघायची, ही मामाची जुनी सवय. रविवारी सकाळी डॉक्टरचं सगळं म्हणणं कानाआड करून तो पहार घेऊन लिंबोणीपाशी गेला. पहार खाली सरकवली, वजन टाकलं. पिंप हललं नाही. त्याने दुसऱ्या बाजूने लावली. शिंपीदादा आला, मी आले, आणखी दोघं आले. पिंप ढिम्म. चाळीस वर्षांत मामापुढे न हललेली वस्तू मी पाहिली नव्हती. त्यानेही पाहिली नसावी, कारण तो पिंपाकडे बघतच नव्हता, स्वतःच्या हातांकडे बघत होता.

मी गुडघ्यांवर बसून खाली वाकले. सगळीकडे लाद्या होत्या, फक्त त्या पिंपाखाली नव्हती. ती फुटलेली नव्हती, कडेने नीट छिन्नी मारून काढलेली होती. काढलेली लादी मागे भिंतीला टेकवून ठेवली होती आणि तिच्या आडोशाला मामी आपला चहाचा थर्मास ठेवायची. मग मला पिंपाच्या कडेवरचा बाण दिसला, रस्त्याकडे, ठसठशीत. आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना तीन पुसट बाण दिसले, ओल्या फडक्याने पुसलेले, पुन्हा काढलेले, पुन्हा पुसलेले. मामीने अडीच वर्षांत पिंप एकदाही फिरवलं नव्हतं. ती बाण फिरवत होती.

मी ते मोठ्याने बोलले असणार, कारण सगळ्यांनी वळून मामीकडे बघितलं. ती थर्मासचं झाकण लावत होती.

"हो," ती म्हणाली. "मीच."

"मामी, अहो नाकापेक्षा मोती जड झाला की हा!" शिंपीदादा म्हणाला. "एका झाडापायी बारा घरांची बाग जाणार. बुधवारी तो सळई घालणार आणि संपलं."

तो खरं तेच बोलत होता. मलाही राग आला. माझ्या मिरच्यांसाठी नाही, तर त्या नकाशासाठी. दहा फुटांची ती पट्टी मीच दाखवली होती, आणि मी जांभया देत असताना ती बाई पुढची अडीच वर्षं ठरवत होती. "मला तरी सांगायचंस," मी म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती मामाकडे बघत होती.

मामाने करवत मागितली. तो सावकाश आडवा झाला, पिंपाच्या कडेला जिथे माती थोडी खचली होती तिथून त्याने हात आत घातला आणि चाचपलं. मूळ त्याला सापडलं असणार. हात तिथेच थांबला. कवडसा आरशातून उतरून लिंबोणीच्या पानांवर आला, मग मामाच्या पाठीवर. तो इतका वेळ निजल्यासारखा पडून राहिला की मला वाटलं, खरंच डोळा लागला.

"मनगटाएवढं झालंय," तो जमिनीशीच बोलल्यासारखा म्हणाला. मग मामीला म्हणाला, "काप म्हण. कापतो."

"मी नाही म्हणणार."

"मला आधी विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही पाव फेरा फिरवला असता."

यावर शिंपीदादासुद्धा हसला. मामी हसली नाही. ती मामाजवळ येऊन खाली बसली आणि आम्ही तिथे नाहीच अशा आवाजात बोलू लागली.

"अहो, प्रत्येक घरात तुम्ही मला 'कुठे ठेवू' विचारलंत. मी बोट दाखवलं, तुम्ही ठेवलंत. आणि दोन-चार वर्षांनी तुम्हीच ते उचललंत. तुमचा काही दोष नाही त्यात. पण एकदा तरी मी ठेवलेलं कुणी उचलू नये, असं वाटलं मला. एकदाच. मग अशी जागा शोधली जिथे कुणाला काही बांधायचंच नाहीये."

मामा उठून बसला. कपड्यांवरची माती झटकायचंही त्याला सुचलं नाही. करवत त्याने शिंपीदादाच्या हातात परत दिली आणि म्हणाला, "उद्या बघू." आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, बाण न मोजता घरी गेला.

सोमवारी त्याने मला सुट्टी घ्यायला लावली आणि पालिकेत बरोबर नेलं. मोकळ्या जागेच्या बाई किल्ल्यांच्या चिंध्या बदलत होत्या. मामाने बसायच्या आतच सांगून टाकलं.

"बाई, एक झाड रुजलंय. लिंबोणी. पाव फेरा माझ्या हातून चुकला."

बाईंनी चष्मा काढला. "तुमच्या हातून? विंचूमामा, तुमच्या?"

"वय झालं."

मी तोंड उघडलं तोच टेबलाखाली मामाचा पाय माझ्या पायावर आला. चाळीस वर्षं कपाटं पेललेला पाय तो. मी तोंड मिटलं.

बाईंनी करार काढला आणि बराच वेळ वाचला. मला वाटतं तो त्यांना पाठ होता, फक्त मान वर करायची नव्हती. "तपासणीत सापडलं तर दोष बागेचा," त्या शेवटी म्हणाल्या. "आधी येऊन सांगितलं तर दोष प्रमुखाचा. बागेला जागा मिळेल. पण तुमचं नाव या कामातून कमी होईल, कायमचं. तोवरच्या कुठल्याच जागेवर तुम्हाला पिंपालाही हात लावता येणार नाही. कळतंय ना मी काय म्हणतेय?"

"कुठे सही करू?" मामाने विचारलं.

मामाने सही केली. शहरातल्या प्रत्येक पडीक जागेवर ज्याचे बाण लोक शिकले, त्याला आता कुंपणाबाहेरून बघायचं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की हा माणूस खोटं बोलतोय. आणि हेही कळत होतं की इतकं शहाणपणाचं खोटं मी कधी ऐकलं नव्हतं.

बाईंनी मग इमारतीचा मोठा नकाशा टेबलावर पसरला आणि पेन माझ्यापुढे धरलं. "तुम्ही नकाशे काढता ना? दाखवा कुठे आहे." मी त्या दहा फुटी पट्टीत एक टिंब दिलं आणि बाजूला लिहिलं, "लिंबोणी, एक." बाईंनी त्यावर शिक्का मारला. "टिंबाची हमी मी देत नाही हो," त्या म्हणाल्या. "मी कागदावर सांगू शकते. यंत्र चालवणारा कागद वाचेलच असं नाही."

"टिंब तरी आहे," मामा म्हणाला.

घरी येऊन मी मामीला सगळं सांगितलं, कारण ते पोटात ठेवणं माझ्याच्याने झालं नसतं. ती मामावरच उसळली. "खोटं कशाला बोललात? चुकवलं मी आणि नाव तुमचं कापलं!"

"खोटं कुठे? प्रमुख मी होतो."

"चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या," मी म्हणाले, तर दोघांनी मलाच गप्प केलं. नंतर मामी बराच वेळ खिडकीपाशी उभी राहिली. त्या खिडकीतून समोरची भिंत सोडून काही दिसत नाही.

बुधवारी सळईवाला येऊन गेला. सगळी पिंपं स्वच्छ निघाली. लिंबोणीपाशी त्याने नुसती कागदावर खूण केली. शनिवारी बाग हलली. जागेची किल्ली परत देईपर्यंत मामाच प्रमुख होता, त्यामुळे हे शेवटचं बिऱ्हाड त्यानेच हलवलं, खुर्चीत बसून, नुसत्या बोटाने. एक टेम्पो आणि चार हातगाड्या. टोमॅटो माना हलवत निघाले, दोडक्याचा वेल गाडीबाहेर लोंबत रस्त्यावरून ओढत गेला, एक मधमाशी चौकापर्यंत पुदिन्याबरोबर आली. सिग्नलला थांबलेल्या माणसांनी आम्हाला आधी जाऊ दिलं. मागे वळून पाहिलं तर आमचीच बाग मला ओळखू येईना. वाटलं, ही कुठलीशी हिरवी वस्ती गाव सोडून निघालीय आणि तिला अजिबात घाई नाही.

करवत शेवटी चालली ती पिंपावर. शिंपीदादानेच ते उभं कापून दोन भाग केले आणि बाजूला ओढले. माती पिंपाच्या आकाराची तशीच उभी राहिली, मधून लिंबोणी. मामीने भिंतीला टेकवलेली लादी फोडून तिच्या तुकड्यांचं कडं भोवती रचलं. मग ती फाटकापाशी जाऊन उभी राहिली.

जागा पूर्ण रिकामी झाली होती. लाद्यांवर पिंपांच्या ओल्या गोल खुणा तेवढ्या होत्या, एकेक करून वाळत चाललेल्या. मामा एकटा आत गेला. नसलेल्या दारातून स्वयंपाकघरात गेला, मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "काही राहिलं का?"

मामी फाटकातून म्हणाली, "काही नाही."

तो मोरीत गेला, बेडरूममध्ये गेला, जिन्याखाली गेला. प्रत्येक ठिकाणी तीनदा विचारलं, तिने तीनदा उत्तर दिलं. मग तो मागे, रंगीत भिंतीपाशी गेला. लिंबोणीपासून दोन पावलांवर थांबला. तिच्याकडे त्याने पाठच केली होती.

"काही राहिलं का?"

मामी लिंबोणीकडे बघत राहिली.

"काही राहिलं का?"

मी मामीकडे बघितलं. तिने पदर तोंडाशी धरला होता.

"काही राहिलं का?" मामाने तिसऱ्यांदा विचारलं.

"राहिलं," मामी म्हणाली.

मामा परत आला. बाहेर येऊन त्याने फाटक ओढलं, कुलूप लावलं आणि चिंधी बांधलेली किल्ली खिशात टाकली. आम्ही तिघं घराच्या रस्त्याला लागलो.

"आधीची नऊ घरं सोडतानाही काहीबाही राहिलं होतं," मामी मधेच म्हणाली. "मी दरवेळी 'काही नाही' म्हटलं."

"ठाऊक होतं मला," मामा म्हणाला. "म्हणून तर तीनतीनदा विचारायचो."